आप्पांच्या घरचा दगड

गेल्या तीन-चार वर्षांत आमच्या घरात सर्वांत जास्त भांडण ज्या विषयावरून झाले तो विषय म्हणजे दगड. शेतीची वाटणी नव्हे, कारण वाटायला शेती नाही. सोने नव्हे, कारण तेही नाही. गावाकडे कोठेही पायाला ठेच लागावी असा साधा काळा दगड. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, नोकरी कारकुनाची, इंजिनिअर नव्हे. तरी या दगडापायी आम्हाला जे वाचावे लागले, विचारावे लागले आणि एका ठिकाणी भर अंगणात तोंडघशी पडावे लागले, ते आपल्या कुटुंबांच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हे चार शब्द लिहीत आहोत.

आमचे गाव बीड जिल्ह्यात, आष्टी तालुक्यात. १९७२ च्या दुष्काळात आमचे वडील, म्हणजे आप्पा, वीस वर्षांचे होते. दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. मायही तिथेच होती. ती सांगते, बोटांना चिंध्या बांधून दिवसभर हातोडीने धोंड्याची खडी करायची आणि दिवस मावळताना माप द्यायचे. माप भरले नाही तर हजेरी कापली जायची. खायला परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी आणि लहानग्यांना सुकडी. आज पन्नाशी-साठीच्या पुढच्या पुष्कळ वाचकांच्या घरी ही आठवण असेल, ती आम्ही नव्याने सांगायला नको.

पुढे आप्पा विहिरीच्या कामांवर जाऊ लागले. पहारीने सुरुंगाची भोके पाडायची, बार उडाला की दगड वर काढायचा. अशाच एका मोठ्या शेतकऱ्याच्या विहिरीचा दगड बांधावर ढीग होऊन पडला होता, त्याला तो अडचणीचा झाला होता. आप्पांनी तो मागून घेतला. मजुरी संपली की चार धोंडे डोक्यावर, कधी उसनी बैलगाडी मिळाली तर गाडीभर. असे दोन हिवाळे चालले. १९८२ साली घर उभे राहिले. दोन फूट रुंदीच्या भिंती, मातीचा गारा, वर पत्रे. आमच्या वस्तीतले ते पहिले दगडी घर.

आता यात विशेष ते काय, असे तरुण वाचक विचारतील. विशेष असे की त्या काळी गावात दगडी बांधकाम म्हणजे पाटलाचा वाडा, देऊळ आणि वेस. हा सारा दगड फोडला कोणी, घडवला कोणी, वाहिला कोणी? वडार बांधवांनी आणि आमच्या वस्तीने. फोडणाऱ्यांच्या स्वतःच्या भिंती मात्र मातीच्या. त्यामुळे आप्पांना त्या घराचा अभिमान होता आणि तो शेवटपर्यंत टिकला. खोकलाही शेवटपर्यंत टिकला. दगडाची बारीक धूळ छातीत बसली की ती जागा पुन्हा भरून येत नाही, हे डॉक्टरांनी आम्हाला छातीचा फोटो दाखवून समजावले तेव्हा फार उशीर झाला होता. २०१६ साली आप्पा गेले.

२०२२ च्या दिवाळीत धाकट्या भावाने विषय काढला. तो गावीच असतो, टेम्पो चालवतो, मायला सांभाळतो. म्हणाला, "दादा, आता हे पाडायचं. स्लॅबचं बांधू. उद्या पोरीला बघायला पाव्हणे येतील, दगडमातीचं घर बघून काय म्हणतील?"

आम्ही चिडलो. आप्पांनी डोक्यावर वाहिलेला दगड आणि तू तो ट्रॅक्टरने खड्ड्यात भरणार? मग आम्ही जे पुस्तकी ज्ञान गोळा केले होते ते सगळे त्याच्यापुढे मांडले. त्यातले खरे आणि कामाचे तेवढे येथे सांगतो.

आपल्या महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या काळ्या पाषाणावर उभा आहे तो लाव्हारसाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून रस वर आला, पसरला, थिजला, त्यावर दुसरा थर, त्यावर तिसरा. असा सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर मुलूख त्याने आजही व्यापलेला आहे. शास्त्रज्ञ त्याला बेसॉल्ट म्हणतात. म्हणजे हा दगड निसर्गाने आधीच भाजून ठेवला आहे. आपण तो फक्त काढायचा, फोडायचा, रचायचा. सिमेंटचे तसे नाही. चुनखडी आणि माती भट्टीत चौदाशे अंशांच्या वर भाजावी लागते. त्यासाठी कोळसा जळतो तो वेगळाच, पण चुनखडी भाजताना तिच्यातूनही कार्बन वायू सुटतो. जगभरात माणूस जेवढा हा वायू हवेत सोडतो त्यातला शंभरातला सात-आठ भाग एकट्या सिमेंटचा आहे. ज्या उन्हाने आमच्या बीडचे पाणी आटते त्या उन्हात या वायूचाही वाटा आहे.

मात्र "नैसर्गिक दगड" म्हटले की डोळे मिटून चांगले, असेही नाही. आपल्या घरांत स्वयंपाकाच्या ओट्याला आंध्रातला कडप्पा, जमिनीला कर्नाटकातली शहाबादी फरशी किंवा राजस्थानचा कोटा असतो. शहाबादीवर कित्येक चाळींतल्या आपल्या दोन-तीन पिढ्या रांगल्या आणि ती अजून शाबूत आहे, हे कबूल. पण परदेशातून जहाजाने आणलेला चकचकीत संगमरवर दिवाणखान्यात बसवून कोणी पर्यावरणाच्या गप्पा मारू लागला तर त्याला ट्रकच्या डिझेलचा आणि जहाजाच्या तेलाचा हिशेब विचारावा. दगड जवळचा हवा. आणि जवळच्या दगडातही सर्वांत चांगला तो, जो एकदा काढून झालेला आहे. त्यासाठी नवी टेकडी फोडावी लागत नाही. पुण्याच्या आसपास ज्यांनी खाणी आणि खडी क्रशर पाहिले आहेत त्यांना टेकडी फोडणे म्हणजे काय ते सांगायला नको. पिके पांढरी, झाडे पांढरी, माणसाच्या पापण्या पांढऱ्या. आणि गंमत अशी की तो सगळा दगड दगडी घरांसाठी जातच नाही. तो खडी होऊन, अलीकडे वाळू होऊनही, काँक्रीटमध्ये जातो. भावाला आम्ही हेच म्हणालो, "तुझ्या स्लॅबमध्येही आप्पांनी फोडली तसलीच खडी असते."

भाऊ सगळे ऐकत होता. शेवटी एकच वाक्य बोलला. "तुम्ही तिकडं कॉलनीत स्लॅबखाली झोपता, आन् आम्हाला सांगता दगडाखाली झोपा. किल्लारी इसरलात का?"

आम्ही गप्प झालो. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेले. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. आम्ही तेव्हा शाळेत होतो. आमचे गाव तिथून लांब, पण पत्रे वाजले, कोपऱ्यातली उतरंड ढासळली. आप्पांनी आम्हाला दोघांना काखेत मारून अंगणात आणले. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव जिल्हा, तिथल्या गावांत त्या पहाटे आठ-दहा हजार माणसे गेली. बहुतेक दगडाच्या भिंतींखाली आणि धाब्याच्या मातीखाली दडपून गेली. तेव्हापासून मराठवाड्यात दगडी घराची जी धास्ती बसली ती बसलीच. आमची माय तर त्या दिवसापासून घरात झोपली नाही. पाऊस असला तर पडवीत, एरवी अंगणात बाज टाकून. तीस वर्षे. आम्हाला वाटायचे तिला उकडते म्हणून.

तर भावाचे म्हणणे खोडण्यासाठी आम्ही शेजारच्या गावचे एक वडार मिस्त्री बोलावले. वय अठ्ठावन्न, हात पाहिले की वय आणखी वीस वर्षांनी जास्त वाटावे. आम्ही ऐटीत म्हणालो, मामा, या भिंती अजून पन्नास वर्षे टिकतील की नाही ते एकदा आमच्या भावाला सांगा. मिस्त्रींनी घराला एक चक्कर मारली. उत्तरेच्या भिंतीला हात लावून उभे राहिले. मग खालच्या अंगाला पहारीने दोन दगड काढून आम्हाला वाकून बघायला लावले.

"भाऊसाहेब, ही एक भिंत न्हाई. ह्या दोन भिंती हायत. मधी कपच्या आन् माती. हिला पोट आलंय, दिसतंय का?"

दिसले. बाहेरच्या बाजूचे दगड एक रांग, आतल्या बाजूचे दुसरी रांग, आणि दोघांना धरून ठेवणारे काही नाही. बाहेरची रांग भिंतीच्या मध्यावर चार बोटे पुढे आली होती. आप्पा खडी फोडणारे, सुरुंग लावणारे; ते गवंडी नव्हते. त्यांनी पाहून पाहून बांधले होते. आम्ही ज्या भिंतीचे भाषण देत होतो ती भिंत पुढचा पावसाळाही निभावते की नाही याची शंका होती, आणि तिच्या आतल्या अंगाला आमची पुतणी अभ्यासाला बसत होती. भावाने आमच्याकडे पाहिले, पण बोलला नाही. त्याचा हा मोठेपणा आम्ही येथे लिहून ठेवतो.

मग मिस्त्रींनीच बाजू सांभाळली. दगडाचा यात दोष नाही, म्हणाले. दोष बांधण्याचा. भिंतीच्या एका अंगापासून दुसऱ्या अंगापर्यंत जाणारा लांब दगड, त्याला ते 'हेडर' म्हणत होते, आपण आरपार दगड म्हणू, तो ठरावीक अंतराने घातला की दोन्ही रांगा एकमेकींना धरतात. असे दगड उंचीला दर दोन फुटांवर आणि आडवे दर चार फुटांवर हवेत. तेवढा लांब दगड नसेल तर आत सळई घालून काँक्रीटचा तुकडा ओतून घ्यावा. कोपऱ्यांतही लांब दगड एकाआड एक उलटसुलट यावेत. भिंत दीड फुटापेक्षा जाड करू नये. जाड भिंत म्हणजे भक्कम भिंत हा गैरसमज आहे, जाडीमुळेच मध्ये कपच्यांचा भराव घालावा लागतो. आणि जोत्यावर, दरवाजा-खिडक्यांच्या डोक्यावर व छपराखाली सळईचा काँक्रीट पट्टा सगळ्या घराभोवती अखंड फिरवावा, म्हणजे घर पेटीसारखे बांधलेले राहते. किल्लारीनंतर तज्ज्ञांनी हेच सांगितले होते, असे आम्ही पुढे वाचले. आम्ही इतके वाचले होते ते कार्बनचे, आरपार दगडाचे वाचले नव्हते.

ठरले असे की घर पाडायचे, पण दगड एकही फेकायचा नाही. भिंती त्याच दगडाच्या, नव्या पद्धतीने. पुढची खोली भावाच्या हौसेची, स्लॅबची. मागच्या दोन खोल्यांना पत्रे आणि खाली बांबूच्या तट्ट्याचे छत.

काम सुरू होण्याआधी, २०२३ च्या जानेवारीत, आमच्या मंडळाची कार्ल्याच्या लेण्यांची सहल होती. भाऊ टेम्पो घेऊन आला आणि आम्ही मिस्त्रींनाही आग्रहाने सोबत घेतले. त्यांनी आजवर लेणी पाहिली नव्हती. चैत्यगृहात सगळी मंडळी वंदनेला बसली, मिस्त्री मात्र भिंतीला नाक लावून उभे. छिन्नीच्या खुणांवरून बोट फिरवत होते. मग त्यांनी आमच्या पोरांना सांगितले ते असे: हे खालून वर बांधलेले नाही, वरून खाली कोरत आणलेले आहे. छत आधी, जमीन शेवटी. एक घाव चुकला तर दगड बदलता येत नाही. सव्वाशे फुटांच्या आसपास लांब, पंचेचाळीस फूट उंच, आणि वय दोन हजार वर्षे. वर छताला लाकडाच्या कमानी आहेत, त्याही त्या काळातल्याच.

त्या लेण्यात दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. व्यापारी आहेत, यवन आहेत. दगड कोरणाऱ्यांची नावे शोधू गेले तर मन खट्टू होते. पण दारावर एक लेख आहे, धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराचा. हे दार त्याने केले. आम्ही तो लेख मिस्त्रींना समजावून सांगितला. ते म्हणाले, "त्याला लिव्हता येत असंल, न्हाईतर कुणी लिव्हून दिलं असंल." परतीच्या प्रवासात ते भावाच्या शेजारी बसून आले आणि दोघांचे काय बोलणे झाले ते आम्हाला कळले नाही, पण दुसऱ्या दिवसापासून भाऊ "दगडाचं घर" म्हणताना आवाज खाली करीत नव्हता.

फेब्रुवारीत पाडायला सुरुवात झाली. जेसीबी लावला असता तर अर्ध्या दिवसाचे काम. हाताने उतरवले म्हणून बारा दिवस लागले. मोठे दगड एकीकडे, कोपऱ्याचे एकीकडे, आरपार जातील असे लांब दगड वेगळे. ते मोजके निघाले, बाकीचे आरपार तुकडे सळई घालून ओतले. आमचा धंदा हिशेबाचा, तेव्हा वहीच ठेवली होती. जुन्या भिंतींचा दगड चौदा ब्रासच्या आसपास निघाला. विकत घ्यावा लागला शून्य. बांधकाम आणि पट्टे मिळून साठ पोती सिमेंट लागले, स्लॅबचे निराळे. विटांचे पैसे वाचले, पण मजुरीने ते बरेचसे परत घेतले, कारण दगडाचे काम सावकाश चालते आणि ते येणारी माणसे उरलेली नाहीत. मिस्त्रींचा स्वतःचा मुलगा क्रशरवर गाडी चालवतो. म्हणून दगडी घर स्वस्तात पडले असे आम्ही कोणाला सांगणार नाही. ज्याच्या दारात जुना दगड आहे त्याला परवडते. ज्याच्या दारात नाही त्याने आधी जवळपासच्या विहिरींचा, पडक्या घरांचा दगड शोधावा; खाणीतून नवा आणायचा तर पुन्हा कागद-पेन्सिल घेऊन बसावे.

एका गोष्टीवर मात्र आम्ही अडून बसलो. दगड घडवताना धूळ उडते. घाव घालण्याआधी दगड ओला करायचा आणि तोंडाला मास्क लावायचा. मिस्त्री हसले. म्हणाले, उभा जन्म धुरळ्यात गेला. आम्ही आप्पांच्या छातीचा तो फोटो ट्रंकेतून काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उन्हाकडे धरून पाहिला आणि काही न बोलता खिशात ठेवलेला मास्क वर ओढला. पुतणी रोज सकाळी दगडांवर पाणी मारीत असे. राजस्थानात वाळूच्या दगडाच्या खाणींत या धुळीने इतकी माणसे खंगली की तिथल्या सरकारला २०१९ साली त्यासाठी निराळे धोरण करावे लागले. आपला काळा दगड त्या मानाने कमी घातक, कारण त्यात मोकळी सिलिका कमी. पण कमी म्हणजे नाही असे नव्हे, आणि आप्पांपुरते तेवढेही पुरे झाले.

याच ओघात मिस्त्रींची कागदपत्रे पाहिली. बांधकाम कामगारांसाठी तेव्हा १९९६ चा कायदा लागू होता. अठरा ते साठ वयाच्या आणि वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केलेल्या कामगाराची कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी होते. चाळीस वर्षे घरे बांधणाऱ्या या माणसाची नोंदणी नव्हती, आणि वयाची दोनच वर्षे उरली होती. नव्वद दिवसांचा दाखला, आधार, फोटो, पासबुक, अर्ज. एक रविवार आणि एक रजा गेली. सोबत त्यांच्या पत्नीचाही अर्ज भरला. त्याही गारा कालवतात, पाणी वाहतात, म्हणजे कामगारच. आपल्यापैकी कोणाच्या घरी बांधकाम चालू असेल तर मजुरांना एवढे अवश्य विचारावे.

जूनमध्ये पहिल्या पावसाआधी आम्ही घरात आलो. दोन ब्रास दगड उरला, तो वस्तीतल्या विहाराच्या जोत्याला दिला. त्यानंतरचे उन्हाळे काढून पाहिले. दुपारी मागच्या खोल्यांत बसवते. दगड ऊन सावकाश पितो आणि सावकाश सोडतो. स्लॅबची खोली मात्र रात्री अकरापर्यंत भट्टीसारखी असते, हे भावाने स्वतःच कबूल केले. इकडे शहरात आमच्या कॉलनीत स्वयंपाकघराच्या स्लॅबचा पोपडा गेल्या वर्षी ओट्यावर पडला. आतली सळई गंजून फुगलेली. भावाला हे अजून सांगितलेले नाही. पुतणीला बघायला अद्याप कोणी आलेले नाही, कारण तिने आधी डी.एड. करायचे ठरवले आहे.

मायच्या खोलीला आम्ही आतून गिलावा केला नाही, नुसत्या दरजा भरल्या. तशी तिचीच अट होती. काम चालू असताना ती रोज मिस्त्रींच्या मागे उभी राहायची. आरपार दगड बसला की मिस्त्री त्यावर चुन्याचा पांढरा ठिपका देत. घरात राहायला आलो त्या रात्री भावाने नेहमीप्रमाणे बाज अंगणात टाकली. मायने ती उचलायला सांगितली. खोलीत टाकून घेतली, दिवा चालू ठेवायला लावला आणि भिंतीकडे तोंड करून ठिपके मोजत बसली. एकवीस भरले. मिस्त्रींनी बावीस सांगितले होते. रात्री साडेदहाला तिने भावाला फोन लावायला लावला. मिस्त्री म्हणाले, कपाटाच्या मागं बघा. आम्ही दोघा भावांनी कपाट सरकवले. होता.